कुंभाराच्या मुलाने काय व्हावे?

मोठेपणी काय व्हायचे, हा प्रश्न आपण लहान मुलांना कौतुकाने विचारतो. पण त्याचे उत्तर मुलाने पाहिलेल्या जगाएवढेच असते. सुखवस्तू घरात महाविद्यालयांची नावे जेवणाच्या ताटावरच कानी पडतात. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलीला ती सांगणार कोण? म्हणून पुढील शिक्षणाची व व्यवसायांची ओळख प्राथमिक शाळेतच करून देणे, हा आम्ही समतेचा प्रश्न मानतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांची दप्तराविना शाळा सुचविली आहे. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींनी मांडलेल्या नयी तालीमशी या कल्पनेचे नाते आहे. श्रमाला प्रतिष्ठा देणाऱ्या या उपक्रमाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु इतिहासाचा एक इशारा विसरून चालणार नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, असे ठरविले. घरचा धंदा म्हणजे जातीचाच धंदा, हे ओळखून पेरियार आदींनी त्याविरुद्ध रान उठविले. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज सरकारने ती योजना रद्द केली.

तेव्हा आमची कसोटी साधी आहे. डॉक्टरांचा मुलगा कुंभाराच्या चाकावर बसला, तर कुंभाराची मुलगी वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली पाहिजे. एकाला श्रमाची ओळख आणि दुसरीला श्रमाचीच उजळणी, असे झाले तर जुनी उतरंड नव्या नावाने कायम राहील. शिवाय, दाखविलेल्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी वसतिगृह व शिष्यवृत्ती नसेल, तर ते दाखविणे ही निव्वळ क्रूर थट्टा ठरेल.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी या पालकांना भेटावे. सहलीला देवस्थानाइतकाच कृषी महाविद्यालयाचा, तंत्रनिकेतनाचा मान असावा, असा आग्रह त्यांच्याकरवी धरावा. गावातून शिकून पुढे गेलेल्या मुलींना वर्गात बोलवावे. फडावर गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झाले की नाही, याचाही जाब विचारावा. मोर्च्याइतकेच हेही आपले काम आहे.