पेढीचा लॅपटॉप : आधी नक्कल, मग निदान

यंत्रमागावर कापडात दोष दिसला म्हणून कोणी माग भंगारात काढत नाही. आधी बाण्याचे सूत पाहतो, मग ताण्याची कांजी, मग फणी, मग धोटा. एकेक गोष्ट तपासून जिथे दोष असेल तिथेच हात घालतो. हे शहाणपण आपल्याकडील नवख्या कारागिरालाही असते. परंतु पेढीवरचा लॅपटॉप अडला की आपण व्यापारी हे सारे शहाणपण विसरतो आणि जो पहिला भेटेल त्याच्या हाती मशीन देऊन मोकळे होतो. या बेफिकिरीविषयी लिहावेसे वाटले, कारण त्या मशीनमध्ये आपला हिशेब असतो, आणि हिशेब एकट्या आपला नसतो.

हा प्रश्न आताच निघण्याला कारण आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आपल्या अनेक बांधवांनी वह्या बाजूला ठेवून लॅपटॉप घेतले. त्यांत बहुधा विंडोज १० होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार संपला. साहजिकच जो तो नवी विंडोज टाकायला निघाला. रीत अशी की पेन ड्राइव्ह तयार करायचा आणि मशीन त्यावरून सुरू करायचे. इथेच पुष्कळांची गाडी अडते.

माझीही अडली. एका शुक्रवारी माग बंद असताना मी हे काम काढले. पेन ड्राइव्ह लावला, मशीन चालू केले, तर काळा पडदा आणि इंग्रजीत एक ओळ. ज्यांचे शिक्षण माझ्यासारखे उर्दू माध्यमात झाले त्यांना अशा ओळीची आधी धास्तीच वाटते. बाजारातील एका कॉम्प्युटरवाल्याने पाहून सांगितले, "बोर्ड गेला." दुसरा म्हणाला, "डिस्क पूर्ण साफ करून बघू." त्या डिस्कवर विणकरांची मजुरी, सायझिंगवाल्यांचे देणे आणि पार्ट्यांकडची येणी, असा आठ वर्षांचा हिशेब होता. मी हात आखडता घेतला.

असरच्या नमाजनंतर माझा भाचा आला. तो पॉलिटेक्निकला शिकतो. त्याने पहिला प्रश्न केला, "मामू, पेन ड्राइव्ह बनवला कसा?" मी म्हणालो, "बनवायचा काय? फाइल उतरवली आणि त्यात टाकली." तो हसला. "सूत गोदामात आणून टाकले म्हणजे बीम भरला असे होते का, मामू?" चूक माझी होती आणि शिक्षा बोर्डाला होणार होती.

त्या दिवशी जो क्रम शिकलो तो बांधवांसाठी देत आहे.

पहिली पायरी पेन ड्राइव्हची. उतरवलेली फाइल नुसती त्यात ठेवून चालत नाही. मायक्रोसॉफ्टचे 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट मिळते. त्याला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यावरचे आधीचे सर्व पुसले जाते, हे ध्यानात ठेवावे. तयार पेन ड्राइव्ह दुसऱ्या चालू मशीनला लावून पाहावा. पहिला पडदा दिसला की तिथेच बंद करावे, पुढे जाऊ नये. दुसऱ्या मशीनवरही सुरू होत नसेल, तर आधी पेन ड्राइव्ह पुन्हा बनवून पाहावा.

दुसरी पायरी चावीची. मशीन चालू करताना ते कशावरून सुरू करायचे याची यादी एका चावीने उघडते. डेल आणि लेनोवोच्या बहुतेक मशीनवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरच्या अनेक मशीनवर एफ१२ आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. आणखी एक गंमत अशी की विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आल्यामुळे 'शट डाउन' केलेले मशीन पूर्ण बंद झालेले नसते, त्यामुळे चावी दाबायला वेळच मिळत नाही. चालू विंडोजमध्ये शिफ्ट दाबून 'रिस्टार्ट' केले आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडले, तर बहुतेक नव्या मशीनवर काम होते. यादीत पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर दुसऱ्या पोर्टमध्ये लावावा, मध्ये हब नसावा.

तिसरी पायरी जुन्या आणि नव्या पद्धतीची. जुने बायोस आणि नवे यूईएफआय यांची सुरू करण्याची रीत वेगळी आहे. एका रीतीने बनवलेला पेन ड्राइव्ह दुसऱ्या रीतीत उमटेलच असे नाही. नव्या पद्धतीला साधारणतः फॅट३२ मांडणीचा पेन ड्राइव्ह लागतो आणि त्यात ४ जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही, म्हणून हाताने बनवलेले पेन ड्राइव्ह पुष्कळदा फसतात. 'सिक्युअर बूट' चालू असेल तर सही नसलेली प्रणाली अडवली जाते. परंतु या गोष्टी बदलण्यापूर्वी एक सावधगिरी. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर असा बदल केल्यावर मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती आधी लिहून ठेवावी. ती नसेल तर मालकालाच आपले दार उघडता येत नाही.

चौथी पायरी सर्वांत नाजूक. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होते, पण पुढे अडते. डिस्कची मांडणी चालत नाही असा संदेश आला की घाईचा माणूस सगळे भाग पुसून टाकतो. दोष पुष्कळदा एवढाच असतो की पेन ड्राइव्ह चुकीच्या रीतीत सुरू झाला. शिवाय काही न पुसता जुनी मांडणी नव्यात बदलणारे 'एमबीआर२जीपीटी' नावाचे साधन विंडोज १० मध्ये २०१७ पासून आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या कित्येक मशीनवर डिस्क दिसतच नाही. तिथे डिस्क मेलेली नसते, तिचा ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून आणून 'लोड ड्रायव्हर'मधून द्यावा लागतो. आणि 'हे मशीन विंडोज ११ चालवू शकत नाही' असा संदेश आला तर तो बिघाड नव्हे, ती अट आहे. टीपीएम २.० हवे आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर काही अपवाद सोडून आठव्या पिढीचा किंवा पुढचा.

माझे मशीन पेन ड्राइव्ह नीट बनवल्यावर सुरू झाले आणि याच शेवटच्या अटीवर थांबले, कारण प्रोसेसर सातव्या पिढीचा होता. हिशेब नव्या मशीनवर नेला, जुन्यावर उबुंटू टाकून ते घरातील मुलांना अभ्यासाला दिले. 'गेलेला' बोर्ड आजही शाबूत आहे.

कोणी म्हणेल, व्यापाऱ्याने धंदा करावा, हे कॉम्प्युटरवाल्याचे काम आहे. कबूल. पण आपण सूत कातत नाही, तरी काउंट ओळखतो ना? तेवढीच जाण इथे हवी. कॉम्प्युटरवाल्याचीही बाजू पाहा. सगळे पुसून नवे टाकायला थोडा वेळ लागतो, दोष शोधायला अर्धा दिवस जातो. आपण नव्या बोर्डाचे पैसे मुकाट्याने देतो आणि तपासणीच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग तो तपासणी कशाला करील? निदानाचे दाम द्यायला शिकलो तर निम्मे नुकसान टळेल.

बाजारात 'सगळे टाकलेला' पेन ड्राइव्ह हातोहात फिरतो, त्यापासूनही दूर राहावे. त्यात आणखी काय टाकले आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. आणि हलाल कमाईची काळजी घेणाऱ्याने दुसऱ्याचा माल फुकट वापरून हलालीचा हिशेब लिहावा, हे शोभत नाही.

आता मूळ मुद्दा. वरची एकही पायरी चढण्याआधी हिशेबाची नक्कल काढलेली असावी, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर. विंडोज सुरूच होत नसेल तर उबुंटू पेन ड्राइव्हवरून 'ट्राय' पद्धतीने, काही न बसवता चालवून फायली काढता येतात, किंवा डिस्क खोलून दुसऱ्या मशीनला जोडता येते. मात्र बिटलॉकरचे कुलूप असेल तर तिथेही तीच किल्ली लागते. कायदाही हेच सांगतो. जीएसटीच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, आणि नियम ५७ प्रमाणे संगणकावरील हिशेबाची नक्कल ठेवणे बंधनकारक आहे.

पण आपल्याला कायद्याच्याही आधी सांगितले गेले आहे. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकरहची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. आपल्या मशीनमधील खाते पुसले गेले तर मोठी पार्टी आपला कागद दाखवून सुटेल. ज्या विणकराकडे कागद नाही त्याची मजुरी कोण सिद्ध करणार? ती नोंद त्याची अमानत आहे.

आपल्या व्यापारी संघटनांनी एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी मोहल्ल्यातील शिकत्या मुला-मुलींना बोलावून हा क्रम मराठीत आणि उर्दूत समजावून घ्यावा. खर्च चहाचा. तोवर प्रत्येकाने आजच दुकान बंद करण्यापूर्वी हिशेबाची एक नक्कल काढून घरी न्यावी.