टर्फेनाडिन : इशाऱ्याच्या चौकटीमागे लपलेली जबाबदारी

१/५
‘रुग्णानेच विचारायला हवे होते’ हा युक्तिवाद औषधांच्या इतिहासापुढे टिकत नाही. टर्फेनाडिनचे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

२/५
१९८५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे अ‍ॅलर्जीवरील औषध झोप आणत नसल्याने लोकप्रिय झाले. यकृत त्याचे रूपांतर सुरक्षित आणि गुणकारी अशा फेक्सोफेनाडिनमध्ये करीत असे.

३/५
एरिथ्रोमायसिन हे नेहमीच्या वापरातले प्रतिजैविक मात्र यकृतातील तेच विकर रोखते. दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास मूळ टर्फेनाडिन रक्तात साचे, हृदयाची लय बिघडे आणि प्रसंगी मृत्यू ओढवे.

४/५
१९९२ मध्ये माहितीपत्रकावर इशाऱ्याची चौकट आली. तरीही ही जोडी लिहून देणे पूर्णपणे थांबले नाही. १९९६ मध्ये फेक्सोफेनाडिनच स्वतंत्र औषध म्हणून मान्य झाले; त्यानंतर, जानेवारी १९९७ मध्ये, टर्फेनाडिनची मान्यता काढून घेण्याचा प्रस्ताव अमेरिकी औषध प्रशासनाने मांडला.

५/५
मधली साडेचार वर्षे रुग्णांचे प्राण एका छापील चौकटीच्या भरवशावर होते. ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हे विचारणे लिहून देणाऱ्याचे आणि विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते रुग्णाच्या माथी मारणे हा पळपुटेपणा होय.