चाकाची कुणी

चिंचणीला समुद्राचा खारा वारा जसा दाराच्या बिजागरीपासून सायकलच्या साखळीपर्यंत सगळीकडे शिरतो नि लोखंड खातो, तसाच एक शब्दही शिरलाय. ‘चालतंय’. नट सापडला नाही, तार बांधली, चालतंय. बोल्ट दोन सूत बारीक निघाला, वॉशर घातला, चालतंय. शहरातली माणसं याला जुगाड म्हणतात आणि वर कौतुक करतात. गावची माणसं कशी हुशार, कशातून काय करतात! कौतुक करणाऱ्याला त्या वस्तूवर बसायचं नसतं, म्हणून ते जमतं.

मी आयुष्यभर डाय बनवले. आमच्या या पट्ट्यात घरोघरी तो धंदा चालत आलाय. दागिन्याची नक्षी पोलादात उलटी कोरायची, ती ठशाखाली पत्र्यात सुलटी उमटते. तिथं केसाएवढा फरक पडला तर हजार नग वाया. तेव्हा हाताने काम करणं म्हणजे कसंतरी करणं, हे मला कुणी शिकवू नये.

झालं असं, की माझ्या पुतण्याने जीपमागे ओढायची राहुटीची गाडी घरी बनवायला घेतली. खाली चाकं नि पेटी, वर उघडणारा तंबू. जव्हार, मोखाडा, सूर्यमाळ, डांबरी संपते तिथून पुढे जायचं. धाकटीला दमा. हॉटेलच्या बंद खोलीत तिची रात्र उशाला बसून जाते. हवा लागली की पोरगी झोपते. एवढं साधं कारण. मला आवडलं. पण कापड आलं नि आमचं वाजलं.

त्याने आणलं होतं आतून चंदेरी लेप दिलेलं पॉलिएस्टर. हलकं, झुळझुळीत, पाणी ओतलं तर थेंब मोत्यासारखे घरंगळतात. दुकानात अगदी तसंच ओतून दाखवलं होतं म्हणे. दुकानातलं पाणी बाहेरून येतं रे बाबा. तंबूत पाणी आतूनही येतं. तीन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ बंद लेपाला आतून चिकटते आणि पहाटे अंथरुणावर ठिबकते. दम्याच्या पोरीला त्या ओलीत झोपवायचं? आणि हा लेप दमट उष्ण हवेत कुजतो. आमच्याकडे पावसाळाभर घडी घालून कपाटात ठेवलं तर दिवाळीला ते स्वतःलाच चिकटलेलं निघतं, वास मारतं, लेपाची सालपटं हाताला येतात. थंड कोरड्या मुलखासाठी बनवलेला माल आपण झुळझुळीत दिसतो म्हणून घेतो.

मी म्हटलं, सुती कॅनव्हास घे. जाड, घट्ट विणीचा. "काका, ते ओझं कोण ओढणार? आणि ते गळतं." गळतं, पहिल्या पावसात गळतंच. म्हणून नवा कॅनव्हास शिवून झाला की ताणून उभा करायचा, पूर्ण भिजवायचा, आपोआप वाळू द्यायचा. दोनतीनदा असं केलं की सूत फुगून विणीतली आणि सुईची भोकं बुजतात. वाळला की तोच श्वास घेऊ लागतो. ओझ्याचं म्हणशील तर ते जीप ओढणार आहे, तू नाही. पाठीवर वाहायचा तंबू असता तर मी तुझं पॉलिएस्टर मान्य केलं असतं. दोष कॅनव्हासलाही आहेत. ओला असताना आतून बोट लावलं तर त्या जागी टिपकतो, नि ओलाच घडी घातला तर चार दिवसांत काळी बुरशी. पण बुरशी आळशाला लागते, लेप मात्र सगळ्यांचाच कुजतो.

कापडाची ही अक्कल माझी नव्हे. पूर्वी आमच्या किनाऱ्यावर होड्यांना सुती शिडं होती, जाळीही सुताची. सालींच्या काढ्यात ती बुडवत, म्हणजे खाऱ्या पाण्यात लवकर सडत नसत. जुनं शीड वडील मागून आणत नि गाडीवर छपराला घालत. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा पंधरा दिवस भरते. आम्ही बैलगाडीने जायचो, गाडीतच राहायचो. खाली पेंढा, बाजूला बांबूच्या तट्ट्या, वर शीड. आता याला कॅम्पिंग म्हणतात.

त्या गाडीला धोकाही तेवढाच असे. आसाच्या टोकाला चाक अडवणारी जी लोखंडी खिळ असते तिला कुणी म्हणतात. एका वर्षी वाटेत ती कुठं तरी पडली. कोणीतरी मोठा खिळा ठोकून वाकवला नि म्हणाला, चालतंय, वाणगावपर्यंत तर जाऊ. अंधारात खिळा तुटला, चाक सुटून शेतात गेलं आणि आजी आसाखाली हात धरून ओरडत होती. मनगट जुळलं, पण वाकडंच. पुढे ती मरेपर्यंत भाकरी डाव्या हाताने थापायची. आजोबांनी त्यानंतर दोन जादा कुण्या कमरेच्या पिशवीत ठेवल्या, आणि सुटायच्या आधी स्वतः खाली वाकून चारदा बघत.

म्हणून पुतण्याच्या जोडणीत मला भंगारातला बोल्ट दिसला तेव्हा डोकं फिरलं. तंबूच्या आत रंगीत दिव्यांची माळ विकत आणलेली, आणि जीप नि गाडी जिथं एकमेकींना धरतात तिथं भंगार! जे दिसतं त्यावर पैसा, जे धरतं त्यावर काटकसर. तो म्हणाला, "चालतंय हो काका." मी कटर लावला नि तो बोल्ट कापून टाकला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चालेल. चालतंय नव्हे, चालेल.

नंतर आम्ही बसून ठरवलं. चाकं जीपच्याच मापाची, म्हणजे एकच स्टेपनी दोघींना पुरते, आणि दोन्ही चाकांमधलं अंतरही जीपएवढंच, म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्याच चाकोरीत चालतात. पाटे भंगारातले घेतले तरी चालतात, चिरा नसल्या तर. बेअरिंग मात्र नवीनच, ग्रीस भरून. जोडणीला मोजून केलेली पिन नि शिवाय साखळी, पिन गेली तरी गाडी जीपला धरून राहील अशी. सांगाडा जस्ताच्या रसात बुडवून आणायचा. नुसता रंग आमच्या हवेत टिकत नाही. आयलेट पितळेच्या, लोखंडी गंजून कापडालाच भोकं पाडतात. वजनाचं तर बैलगाडीवाला झोपेत सांगेल. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, धुरेला फार जड झालं की बैलाच्या मानेवर येतं. जीपची मान वेगळी, हिशोब तोच. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडणीवर टेकला पाहिजे. मागे जड गाडी वेगात शेपूट हलवू लागली की ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही.

आणि कागद. घरी बनवलेली आहे, कोण विचारतो, हे ऐकून घेणार नाही. कायद्याने मोटारीमागची ट्रेलर हेही वाहनच, नोंदणी लागते. उत्तरेतल्या त्या ‘जुगाड’ गाड्यांनाही सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली मोटार वाहनच ठरवलं. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पैसेवाल्यांची तयार गाडी त्यातून सुखाने फिरेल. घरच्या गाडीला खेपा घालाव्या लागतील. घालायच्या.

आणखी एक बोलून टाकतो, विषय सोडून वाटलं तरी. आमच्या डहाणू-तलासरीची, जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात नि पावसाच्या तोंडावर परत येतात. सहासात महिने पेंढा नि निळं प्लास्टिक, तेच छप्पर नि त्याच भिंती. उन्हाने ते प्लास्टिक एका हंगामात चिरफाळतं, दुपारी आत भट्टीच असते, पहाटे दव ठिबकतं. पोरं खोकतात. चांगलं कापड का देत नाही, असं मी एकदा एका भट्टीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्यांना चालतंय. आपल्या पोरीसाठी श्वास घेणारं कापड शोधताना माझ्या कानात ते वाक्य होतं. पुतण्यालाही सांगितलं. तो काही बोलला नाही, पण तो चंदेरी गठ्ठा परत करायला त्याच दिवशी गेला. दुकानदाराने निम्मेच पैसे दिले.

कॅनव्हास आम्ही अंगणात शिवला. कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण, जाड सुई, तीन सुया मोडल्या. मग वाडीत चिकूच्या झाडांमध्ये ताणून नळीने भिजवला. पहिल्या दिवशी गळला, तेव्हा पुतण्याने माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या दिवशी गळायचा थांबला. पिन त्याने स्वतः लेथवर काढली, आणि न सांगता दुसरीही. ती जीपच्या कप्प्यात आहे.

पासिंग अजून व्हायचंय. तोवर गाडी वाडीतच उभी आहे. पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून तिच्यात जाऊन झोपते.