शिदोरी बरोबर असावी

गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही कोकणात काकांकडे गेलो, तेव्हा माझ्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता आणि मनात थोडासा गर्व. वडिलांनी आयुष्यभर जमवलेली बोलीतल्या शब्दांची टिपणे, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरातली ती कार्डे, आमच्या कन्येने स्कॅन करून एका लहानशा प्रोग्रॅममध्ये बसवली होती. शब्द लिहावा, की कार्ड समोर हजर! काकांचे वय ८२. दृष्टी दिवसेंदिवस मंदावते आहे. थोरल्या भावाचे अक्षर डोळे शाबूत आहेत तोवर पुन्हा पाहावे, एवढीच त्यांची इच्छा.

नातवाचा संगणक सुरू झाला, कळ दाबली, आणि कार्डाऐवजी पडद्यावर तक्रार उमटली : लिबएसटीडीसी++-६.डीएलएल सापडत नाही.

"हे कोण गृहस्थ?" काकांनी विचारले. कन्येचा चेहरा उतरला. घरात इंटरनेट नव्हते. "असू दे ग बाळ, पुढल्या खेपेस पाहू," काका म्हणाले. ८२ व्या वर्षीची 'पुढली खेप' ऐकणाऱ्यालाच अधिक बोचते.

"अग, पण घरी तर चालत होता!" परतताना मी म्हटले. मग तिने मला जे समजावले ते मी मराठीच्या मास्तराच्या बुद्धीने असे समजलो. प्रोग्रॅम हा प्रवासी आहे. एक प्रकारचा प्रवासी रिकाम्या हाताने निघतो. पाट, तांब्या, जेवण सारे यजमानाकडे असेल असे धरून चालतो. हे डायनॅमिक लिंकिंग. त्याला लागणाऱ्या डीएलएल कन्येच्या संगणकावर होत्या, कारण तिथे एमसिस-२ आणि जीसीसी ही मुक्तस्रोत अवजारे मांडलेली होती. काकांकडे त्या कुठून असणार? दुसरा प्रवासी शिदोरी बांधून निघतो. हे स्टॅटिक लिंकिंग. लायब्ररीतला लागेल तेवढा भाग प्रोग्रॅमच्या पोटातच जातो.

"मग त्या डीएलएल प्रोग्रॅमशेजारी ठेवल्या असत्या तर?" मी शंका काढली. तसेही चालते, ती म्हणाली. विंडोज आधी प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये शोधते. पण नातवाने नेमका प्रोग्रॅम तेवढा उचलून दुसरीकडे ठेवला, की पुन्हा उपासच!

घरी आल्यावर तिने शिदोरी बांधायला घेतली. वाटले होते तेवढे ते सोपे नव्हते. प्रत्येक लायब्ररीच्या दोन पुरचुंड्या असतात : '.ए' या नावाची खरी शिदोरी, आणि '.डीएलएल.ए' ही नुसती यजमानाच्या पत्त्याची चिठ्ठी. 'स्टॅटिक' असे स्पष्ट बजावले नाही, तर जोडणारा लिंकर आधी चिठ्ठीच उचलतो. शिवाय पंक्तीचा क्रम सांभाळावा लागतो. चित्रे उघडणाऱ्या लिबपीएनजीला झेडलिब लागते. म्हणून आधी मागणारा, मागून पुरवणारा. उलटे लिहिले की लिंकर हटून बसतो. शेवटी ऑब्जडंप या अवजाराने तिने यादी काढली. केर्नेल३२ आणि त्याचे भाऊबंद तेवढे उरले होते. ते विंडोजच्याच घरचे. यजमानाची ओसरी काही कोणी पाठीवर बांधून नेत नाही.

परंतु वाचकहो, शिदोरी शिळी होते, हेही खरे. २००२ साली झेडलिबमध्ये एक धोकादायक चूक सापडली आणि १.१.४ ही दुरुस्त आवृत्ती निघाली. ज्यांनी झेडलिब बाहेरून घेतले होते त्यांना ती एक लायब्ररी बदलून भागले. ज्यांच्या पोटात जुने झेडलिब होते, ते प्रोग्रॅम नव्याने बांधून पुन्हा वाटावे लागले. स्वावलंबनाची ही किंमत आहे. आकारही फुगतो तो निराळाच.

यंदा गणपतीत पुन्हा गेलो. कळ दाबली, आणि वडिलांचे अक्षर पडद्यावर उमटले. कन्येने ते मोठे करून दाखवले. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "दादा 'ळ' असाच काढायचा."

निघताना कन्येने कबूल केले, "आजोबा, हा प्रोग्रॅम आपोआप सुधारणार नाही हं. काही बदलले, तर नवी प्रत आम्हालाच आणून द्यावी लागेल."

"मग तर हेच बरे," काका म्हणाले.