आईचा वाटा

चातुर्मासात प्रवचनाच्या मंडपात श्राविकांच्या बाजूला सत्तरी ओलांडलेल्या आजींच्या रांगा भरलेल्या असतात. श्रावकांच्या बाजूला त्या वयाची माणसे मानाने विरळ. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे, की ते फार जुने नाही याचे भान राहत नाही.

नमुना नोंदणी पाहणीनुसार १९७०-७५ या काळात भारतीय पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे होते आणि स्त्रीचे ४९. जगात बहुतेक ठिकाणी स्त्री अधिक जगत असताना येथे मात्र ती आधी जात होती. एकामागून एक बाळंतपणे, सर्वांच्या मागून जेवण आणि दुखणे अंगावर काढण्याची सवय, ही त्यामागची कारणे कोणत्याही जुन्या घराला ठाऊक आहेत. १९८१-८५ मध्ये ती जेमतेम पुढे गेली : तिचे आयुर्मान ५५.७, त्याचे ५५.४. २०१६-२० मध्ये हेच आकडे ७१.४ आणि ६८.६ असे झाले. पूर्वी एका स्त्रीला सरासरी पाच मुले होत, आता दोन. लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू २०१८-२० मध्ये देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ इतके उतरले. (हा हिशेब जन्मलेल्या मुलींचा. २०११ च्या जनगणनेत जैन समाजात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८८९ मुलीच होत्या, हे येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही.)

आयुष्य वाढले, त्याची दुसरी बाजू वैधव्याची आहे. पती वयाने वडील आणि पत्नी दीर्घायुषी, म्हणजे अखेरची पाच-सात वर्षे, कधी पंधरा-वीसही, तिला एकटीने काढावी लागतात. देशात साठीपुढच्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया विधवा आहेत. विधुरांचे प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी आहे. व्यापारी घरांतील कागदपत्रे मात्र या बदलाची दखल न घेताच लिहिली जातात.

जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल, तर पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवेला मुलाच्या किंवा मुलीच्या वाट्याइतकाच वाटा मिळतो, आणि त्या वाट्याची ती पूर्ण मालक असते. पतीची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच. पण शोकाचे दिवस सरतात न सरतात तोच दुकानाच्या जागेसाठी, बँकेच्या कर्जासाठी हक्कसोडपत्र समोर येते. आई चष्मा न शोधताच सही करते. मुलांच्या मनात बहुधा काहीही वाईट नसते. कामाचा खोळंबा होऊ नये एवढेच असते. तरीही नोंदवलेले हक्कसोडपत्र सहजासहजी मागे घेता येत नाही, आणि त्यानंतर दानाच्या पावतीपुरते पैसेही तिला सुनेजवळ मागावे लागतात. जिने चाळीस वर्षे घरखर्चात काटकसर करून पेढीचे भांडवल वाढू दिले, तिची ही स्थिती.

व्यवहार अडू नये एवढाच हेतू असेल, तर मुखत्यारपत्र पुरते. मुलगा सह्या करतो, मालकी आईकडे राहते, आणि साधे मुखत्यारपत्र ती केव्हाही रद्द करू शकते. पेढी भागीदारीची असल्यास करारनाम्याकडे एकदा पाहिलेले बरे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते आणि त्याच्या हिश्श्याचा हिशेब वारसांना द्यावा लागतो. तो देताना आईच्या वाट्याची रक्कम तिच्याच नावे पेढीत व्याजाने ठेवता येते. बाहेरच्या ठेवीदाराचे खाते जसे चोख लिहितात, तसेच हे लिहायचे; व्याज दरमहा तिच्या बँकेच्या खात्यात जमा, आणि पासबुक तिच्याच कपाटात.