पटावरची लेकरं, फडावरची लेकरं

३० सप्टेंबरला माझ्या शाळेत ३४ मुलं असतात. डिसेंबरच्या मध्यावर आलात तर १३ सापडतील. एप्रिल संपता संपता पुन्हा ३४. यातला पहिला आकडा शासनाच्या पोर्टलवर जातो आणि त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती द्यायचे ते ठरतं. दुसरा आकडा हिवाळ्यात तपासणीला येणाऱ्या साहेबांना दिसतो आणि त्यावरून आमची नियत ठरते. तिसऱ्याकडे कुणी बघत नाही, तोवर उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आलेली असते.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. बालाघाटच्या डोंगरातलं गाव, पहिली ते पाचवी, दोन शिक्षक. गावाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज कुठंही बोट ठेवा, कहाणी हीच. दिवाळीचे दिवे विझले की ट्रॅक्टर लागतात. संसार, शेळ्या, पाण्याचे ड्रम आणि वरती लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पाच-सहा महिन्यांसाठी. मागे गाव उरतं ते पाण्यानं वेढलेल्या बेटासारखं: म्हातारी माणसं, कुत्री, दोन किराणा दुकानं, एक शाळा आणि तिच्यातल्या दोन बाया.

हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. ऊसतोड कामगारांवर कथा आहेत, सिनेमे आहेत, दर हंगामात वर्तमानपत्रात कोपीसमोर बसलेल्या उघड्या पोराचा फोटो आहे. मला त्या करुणेबद्दल बोलायचं नाही. मला हिशोबाबद्दल बोलायचं आहे, कारण या सगळ्यात खोटारडी मी ठरते.

ते असं. मूल सलग महिनाभर शाळेत आलं नाही की ते शाळाबाह्य. शाळाबाह्य मूल सापडलं की खुलासा मी द्यायचा: पालकभेटी केल्या का, गृहभेटीची नोंद कुठे आहे. आता गृहभेट कुणाच्या घरी करू? घराला कुलूप आहे आणि घर तीनशे किलोमीटरवर पाचटाच्या कोपीत आहे. म्हणून मग हजेरीपटावर पेन चालतं. एक दिवसाआड ‘हजर’. महिना भरू द्यायचा नाही. होय, मी हे केलं आहे. पहिल्या वर्षी हात थरथरला, तिसऱ्या वर्षी नाही. आणि एका जानेवारीत एक साहेब आले, डोकी मोजली, पट बघितला आणि शेऱ्यात ‘बोगस’ हा शब्द लिहून चहा पिऊन गेले. चहात साखर होती.

कुणी म्हणेल, शिक्षण हमी कार्ड आहे की. आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला ते द्यायचं, त्यानं ते कारखान्याजवळच्या शाळेत दाखवायचं, तिथल्या गुरुजींनी त्याला वर्गात बसवून घ्यायचं. कागदावर याहून सुंदर कल्पना नाही. पण टोळी एका जागी बसत नाही. आज या शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. फड शाळेपासून किती लांब असेल ते ऊस ठरवतो. पहाटे तीनला आईबाप फडात गेले की धाकट्याला सांभाळायला थोरली लागते. बारा वर्षांचं पोर असलं तर ते वाढं गोळा करतं, मोळ्या बांधतं. मी दिलेली कार्डं मला बहुतेक वेळा घडी न मोडता परत मिळाली आहेत. पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा आला, मूल नियमित शाळेतच गेलं पाहिजे असं ठरलं आणि त्या बहुतेक बंद पडल्या. कायदा बरोबरच होता. मूल मात्र नियमित शाळेतही गेलं नाही आणि साखरशाळाही गेली.

गावातच ठेवायला काय होतं, हा पुढचा प्रश्न. शहरातल्या माझ्या मैत्रिणी हाच विचारतात, अगदी प्रेमानं. त्यासाठी हंगामी वसतिगृह नावाची योजना आहे. नावावर जाऊ नका. इमारत नाही, खाट नाही. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात, किराणा शाळा व्यवस्थापन समितीनं आणायचा. योजना वाईट नाही. माझ्याकडे हिवाळ्यात जी १३ डोकी दिसतात त्यातली निम्मी तिच्यामुळेच दिसतात. पण मंजुरी येते तेव्हा ट्रॅक्टर निघून गेलेले असतात. आई विचारते, “म्याडम, वसतिगृह चालू होनार हाय का औंदा?” मी म्हणते, होईल. ती माझ्या तोंडाकडे बघते आणि पोराला ट्रॅक्टरवर चढवते. तिचं चुकलं असं मला आजवर म्हणता आलेलं नाही. एकदा मी एका बाईला म्हटलं, आजीजवळ ठेव की. ती म्हणाली, “म्हातारीला रातचं दिसंना झालंय. लेकरानं म्हातारीला संभाळावं का म्हातारीनं लेकराला?” आणि पोरगी वयात आलेली असेल तर तिला मागे ठेवायची भीती वेगळीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठरा पूर्ण होण्याआधी झालेली होती. त्या आकड्यामागे हीही भीती आहे. शिवाय लग्न झालं की नवराबायकोचा एक कोयता होतो, आणि उचल कोयत्यावर मिळते.

आता शिक्षकांना शिव्या घालायचा जो आवडता मुद्दा आहे, त्याकडे येते. शिक्षक मुख्यालयी राहत नाहीत. खरं आहे. मी राहत नाही. तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर २२ किलोमीटर येते, पावसाळ्यात एका ओढ्यापाशी थांबून पाण्याचा अंदाज घेते. माझा मुलगा तालुक्याच्या गावात इंग्रजी शाळेत आहे. हे सांगताना बरं वाटत नाही, पण हा लेख लिहायला बसले तर ते झाकून ठेवणं मला जमणार नाही. जिथं मी शिकवते तिथं माझं पोर शिकत नाही, हा आरोप मला मान्य आहे. पण मी गावात खोली घेऊन राहिले असते तर डिसेंबरात १३ ची ३४ झाली असती का? मुख्यालयी शिक्षक राहायला हवेत म्हणून सभागृहात आवाज चढतो; मुख्यालयी मुलं राहायला हवीत म्हणून चढलेला मला आठवत नाही.

बदल्यांच्या धोरणात २०१७ पासून ‘अवघड क्षेत्र’ असा शब्द आहे. डोंगर, जंगल, नक्षलग्रस्त भाग, अतिवृष्टी, रस्ता नसणं, असे निकष. आमच्या गावाला रस्ता आहे, चांगला डांबरी. आमची मुलं त्याच रस्त्यानं जातात.

सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली. कमी पटाच्या शाळा एकत्र करायच्या, मुलांना गाडीनं एका मोठ्या शाळेत आणायचं. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. वीसपेक्षा कमी पट हा निकष. आमच्या शेजारच्या वस्तीवरची शाळा १७ पटाची आहे. तिथली मुलं पाच किलोमीटरवर नेली तर मोठी इमारत, खेळाचं साहित्य, विषयाला शिक्षक मिळतील, मान्य. पण हंगामी वसतिगृह चालतं ते शाळा घराशेजारी आहे म्हणून. सात वर्षांचं पोर संध्याकाळी जेवून आजीकडे चालत जातं. पाच किलोमीटरवरून कसं जाणार? गाडी संध्याकाळी सातला थांबणार आहे का? वस्तीवरची शाळा गेली की मागे राहणारी ती पाच-सहा मुलंही पुढच्या दिवाळीत ट्रॅक्टरवर दिसतील. शाळा पटसंख्येवर तोलणाऱ्यांनी ही बेरीज केलेली दिसत नाही.

बेरजेवरून आठवलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती. २०२३ च्या दिवाळीनंतर जाताना तिनं वाचनपेटीतलं एक गोष्टीचं पुस्तक मागितलं. नोंद न करता दिलं, परत येईल असं वाटलं नव्हतं. एप्रिलमध्ये ते आलं. कव्हर गेलेलं, पानांना जळक्या पाचटाचा वास. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आकडे: २.३४०, २.१९५, २.४१०. खाली बेरीज, शेजारी तारीख. बापाच्या टायरगाडीच्या खेपा. काट्यावरची चिठ्ठी वाचून ती रोज टिपत होती, कारण बापाला वाचता येत नाही आणि मुकादमाच्या वहीत खेपा कमी भरत. दशांश अपूर्णांकाचा धडा मी जानेवारीत घेतला होता. ती वर्गात नव्हती. बेरीज बरोबर होती, मी दोनदा तपासली.

आणि मग तिला मी सांगितलं, तुझी वार्षिक परीक्षा बुडाली. कारण डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलला होता. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात. वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, ढकलगाडी थांबली म्हणून. कुणाची थांबली? ज्याचं पोर वर्षभर वर्गात आहे त्याला हा नियम अभ्यासाला बसवेल, कदाचित बसवत असेलही. ज्याचं पोर नोव्हेंबर ते एप्रिल फडात आहे त्याला हा नियम एकच सांगतो, की पाचवी पुन्हा. बारा वर्षांच्या मुलीला पुन्हा पाचवीत बसवा आणि बापाला विचारा तो काय करील. परीक्षा ठेवायचीच तर आमच्या भागात ती टोळ्या परतल्यावर घ्या, मधे महिनाभर शिकवायला द्या. मी उन्हाळ्यात येते, रजा नको. पट मोजायचा तर जानेवारीतही मोजा, आणि गेलेल्या मुलासाठी पोर्टलवर ‘गेलं आहे, या कारखान्यावर आहे’ असं लिहायला एक रकाना द्या. वसतिगृहाचे पैसे दसऱ्याला द्या. दोन बायांच्या शाळेला जमणारी ही कामं आहेत, मंत्रालयाला का जमू नयेत?

मुकादमाच्या वहीला हे जमतं. त्याच्याकडेही हजेरी असते. एक दिवस कोयता फडात गेला नाही की खाडा पडतो, आणि खाड्याचे पाचशे-हजार रुपये उचलीत चढतात. म्हणून त्या वहीत कोण कुठे आहे ते रोजचं खरं लिहिलेलं असतं. खेपांचं काही बोलू नका, पण माणसं बरोबर मोजलेली असतात. माझ्या पटावरच्या खाड्याची किंमत कुणीच भरत नाही, म्हणून माझी वही खोटी.

त्या मुलीची पुनर्परीक्षा जूनमध्ये झाली. गणितात ती वर्गात पहिली आली. परिसर अभ्यासात काही गुण कमी पडत होते. ते मी दिले. नियमात बसतात का ते उघडून पाहिलं नाही.

सहावीला ती चार किलोमीटरवरच्या शाळेत जायला लागली, दिवाळीपर्यंत गेली. तिचा भाऊ आता माझ्याकडे तिसरीत आहे. या श्रावणात मुकादम गावात येऊन गेला. परवा पोषण आहाराचा तांदूळ मोजताना त्या पोरानं मला सांगितलं, “म्याडम, पप्पानं औंदा दीड कोयत्याची उचल घेतली.” मी विचारलं, अर्धा कोयता कोणाचा? तो म्हणाला, “ताईचा.”