जर्मनीला मुलं पाठवताय, तर परवान्याचा कायदाही शिकवा

मा. शालेय शिक्षणमंत्री, मा. कौशल्य विकासमंत्री आणि जर्मनी योजनेचे काम पाहणारे सर्व अधिकारी यांस,



फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुणांना जर्मन शिकवून पाठवायचं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सेलर ओलाफ शोल्त्झ दिल्लीत आले आणि भारतीय कुशल कामगारांना वर्षाकाठी द्यायचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा झाली. मी स्टुटगार्टजवळ राहते, भाषांतराचं काम करते, आणि नव्याने आलेल्या मराठी मुलामुलींना कचेऱ्यांची पत्रं वाचून समजावते. कुणी एजंटमार्फत आलेलं असतं, कुणी रुग्णालयाच्या थेट भरतीतून, कुणी शिकायला. ही मुलं मेहनती आहेत, भाषाही बरी बोलतात. पण आपण या देशात नेमक्या कुठल्या हक्काने राहतो आहोत, हे त्यातल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. शासनाने पाठवलेल्या मुलांवर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

घरी व्हिसा आला की पेढे वाटले जातात. साहजिक आहे. पण पासपोर्टावर चिकटवलेला तो राष्ट्रीय व्हिसा काही महिन्यांपुरता असतो, फार तर वर्षभराचा. पुढे राहण्याचा हक्क देतो तो वास्तव्य परवाना. तो मुंबईच्या वकिलातीतून मिळत नाही. मूल ज्या शहरात किंवा जिल्ह्यात राहायला जातं तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून, इथल्या बोलण्यातल्या आउसलेंडरबेहोर्डेमधून, घ्यावा लागतो. त्याआधी घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. एजंटने चार मुलं एका खोलीत ठेवलेली असली की हा कागद द्यायला मालक टाळाटाळ करतो, आणि घोडं पहिल्याच पायरीवर अडतं.

परवाना हे एक प्लास्टिकचं कार्ड असतं. त्यासोबत एक हिरवा कागद मिळतो, आणि खरा मजकूर त्या हिरव्या कागदावर असतो: कुठल्या मालकाकडे, कुठलं काम, कुठल्या अटीवर. कुशल कामगाराला पहिली दोन वर्षं साधारणपणे त्या कार्यालयाला विचारल्याशिवाय मालक बदलता येत नाही. हे कळत नाही म्हणून मुलं दोन्ही बाजूंनी अडकतात. एखादा पगार जास्त मिळतो म्हणून सरळ दुसरीकडे कामाला लागतो आणि परवाना धोक्यात घालतो. दुसरी एखादी छळ सोसत राहते, कारण ‘नोकरी सोडलीस तर उद्याच परत पाठवतील’ असं तिला कुणीतरी बजावलेलं असतं. तसं नसतं. नोकरी मुदतीआधी सुटली तर दोन आठवड्यांत कार्यालयाला कळवायचं, हे कर्तव्य कामगाराचं स्वतःचं. कळवल्यावर दुसरी नोकरी शोधायला काही काळ मिळू शकतो. मालकाकडे राहून काम शिकणाऱ्या, म्हणजे आउसबिल्डुंग करणाऱ्या मुलाची जागा त्याचा दोष नसताना गेली, तर नवी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत द्यावी असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ही एवढी माहिती हातात असेल, तर परदेशात एकट्या पडलेल्या बावीस वर्षांच्या पोरीला मालकापुढे मान खाली घालावी लागत नाही.

आता एक कागद जवळून दाखवते. परदेशी नागरिक कार्यालयांवर कामाचा ताण प्रचंड आहे. भेटीची वेळ मिळेपर्यंत व्हिसाची मुदत संपून जाते. जुनी मुदत संपण्याआधी अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो, आणि तसा दाखला कार्यालय देतं. त्या दाखल्यात वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ नुसार तीन चौकोन छापलेले असतात आणि त्यांपैकी एकावर खूण असते. जुना हक्क पुढे चालू असल्याच्या चौकोनावर खूण असेल, तर भारतात जाऊन जर्मनीत परत येता येतं. उरलेल्या दोहोंपैकी एखाद्यावर असेल, तर त्या दाखल्याच्या जोरावर परत शिरता येत नाही. सांगलीहून आलेल्या एका परिचारिकेला वडील अतिदक्षता विभागात असल्याचा फोन आला, तेव्हा तिच्या हातात हाच दाखला होता. खूण योग्य चौकोनावर होती, ती बिनधास्त जाऊ शकत होती. पण हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. आपण गेलो तर नोकरी जाईल या भीतीने ती थांबली. तिची नि माझी गाठ पुढे पडली, तोवर वडील गेलेले होते. एका चौकोनाचा अर्थ ठाऊक नसल्याची ही किंमत आहे, आणि कुठल्याही वर्गात तो अर्थ पाच मिनिटांत शिकवता येतो.

परिचारिकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. भारतातल्या पदवीला इथे मान्यता मिळेपर्यंत त्या परिचारिका म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून काम करतात, पगारही त्याच हिशेबाने मिळतो, आणि परवानाही मान्यतेच्या प्रक्रियेपुरता असतो. पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा पार पडल्यावरच पुढचा परवाना. घरचं कर्ज फेडायचा हिशेब पूर्ण पगारावर मांडून आलेल्या मुलीचे पहिले महिने कसे जातात, ते मी पाहिलं आहे.

कर्जाचा विषय निघालाच आहे तर एजंटांबद्दलही बोलते. परदेशात नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालची नोंदणी हवी, आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. गावाकडे हे किती आईबापांना माहीत आहे? केरळात नोर्का रूट्स ही शासकीय संस्था जर्मन यंत्रणांबरोबर ‘ट्रिपल विन’ योजनेत परिचारिका पाठवते. तिथे उमेदवाराकडून शुल्क घेतलं जात नाही, भरतीचा खर्च मालक उचलतो. महाराष्ट्राला हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

आणि नावाचं बघा. आपल्या पासपोर्टात ‘दिलेले नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं येतात. जर्मन कार्यालय ती दोन्ही त्या व्यक्तीचीच नावं धरतं. बँक, विमा, कार्यालय यांच्या कागदांवर नाव वेगवेगळं आलं की प्रत्येक ठिकाणी खुलासे करत बसावं लागतं. पदवीच्या प्रमाणपत्रात, जन्मदाखल्यात आणि पासपोर्टात एकच नाव एकाच क्रमाने आहे ना, हे अर्जाआधी तालुक्याच्या ठिकाणीच तपासता येईल.

हे सगळं आताच हवं, कारण दुरुस्तीची वाट अरुंद झाली आहे. व्हिसा नाकारला गेला तर वकिलातीकडेच विनाशुल्क फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोय जर्मनीने बंद केली. आता नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. बर्लिनचा दावा परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला परवडेल का?

माझी मागणी साधी आहे. जर्मन भाषेच्या प्रत्येक वर्गात वास्तव्य कायद्याचे काही तास ठेवा. सही करण्याआधी प्रत्येक करारपत्र मुलाच्या हातात मराठीत पडू द्या. नोकरी मध्येच सोडल्यास किती पैसे परत मागितले जातील, हे कलम त्यात ठळक अक्षरांत असू द्या. हिरवा कागद, तीन चौकोनांचा दाखला, घरमालकाचा कागद यांचे नमुने छापून एक पुस्तिका काढा. आणि मुलं इथे पोचल्यावर त्यांचा फोन उचलणारा, मराठी बोलणारा, पगारी माणूस स्टुटगार्टमध्ये नेमा. आज ते काम माझ्यासारखी माणसं नोकरी सांभाळून, रात्री करतात.

पुस्तिकेचा मराठी मजकूर मी विनामोबदला लिहून देईन. तो इथल्या स्थलांतर कायद्याच्या वकिलाकडून तपासून घेण्याची व्यवस्था मात्र शासनाने करावी, कारण नियम दर वर्ष-दोन वर्षांनी बदलतात आणि जुन्या माहितीवर कुणाचा परवाना जायला नको. आपल्या कार्यालयातून कुणाशी बोलायचं तेवढं कळवावं.

आपली,
स्टुटगार्टजवळ राहणारी एक मराठी भाषांतरकार